वाडीच्या नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक: टाकी घेऊ, बोअर मारू की अजून काही?

पऱ्ह्यापलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अगदीच गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. २०२१ ला पुण्यातली भाड्याची जागा सोडून आईबाबांकडे आलो तो इथेच राहिलो, बायकोचं आणि माझं दोघांचंही काम ऑनलाईन. वाडीत ४१ घरं, त्यातली बारमाही उघडी २३, बाकीची गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. नदीकाठी विहीर आहे, तिच्यावर पाच एचपीची मोटर, तिथून पाणी सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) २५ हजार लिटरच्या टाकीत चढतं आणि टाकीतून मग आपल्या उताराने घराघरात. कागदावर योजना ग्रामपंचायतीची, पण चालवते वाडीची कमिटी. घरटी महिना १०० रुपये, त्यातून पाणी सोडणाऱ्या काकांचं मानधन आणि लाईटबिलाला थोडा हातभार.

आता दुखणं. पाणी एक दिवसाआड, ४० मिनिटं. वेळ? वेळ नाही. कधी सकाळी सहा, कधी अकरा, एकदा तर रात्री साडेनऊला आलं आणि आम्ही जेवणाची ताटं टाकून पिंपं लावायला पळालो. टाकीजवळच्या घरांत धो धो, आणि पऱ्ह्याच्या (पऱ्ह्या म्हणजे छोटा ओढा) पलीकडे आमची नऊ घरं आहेत तिथे पहिली पंधरा मिनिटं नळ नुसता फुसफुसतो, मग करंगळीएवढी धार, मग संपलं. गेल्या महिन्यात मोटर दोनदा जळली, सहा दिवस नळ कोरडा. बाबा ७४ वर्षांचे, कळशी घेऊन विहिरीवर निघाले तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

कमिटीत विचारलं की उत्तर ठरलेलं, विहिरीला पाणी कमी आहे. गंमत म्हणजे भर श्रावणात पण हेच उत्तर होतं, तेव्हा विहिरीत वाकून तांब्या बुडवता येत होता.

तर विचारायचं असं की २००० लिटरची काळी टाकी घेऊन जमिनीत बसवू का, की सरळ बोअर मारू, की नळाला टिल्लू (पाणी ओढणारा छोटा पंप) लावून मोकळा होऊ? बाकीच्यांपैकी कोणीतरी लावलाय असा दाट संशय आहे.

---

मोडकी_तोटी

टिल्लू लावू नका हो. एक तर ते बेकायदेशीर आहे, आणि दुसरं म्हणजे तुम्ही लावलात की शेजारी लावणार, मग त्याच्या शेजारचा, आणि शेवटी सगळ्यांची लाईटबिलं वाढून पाणी तेवढंच राहणार. आमच्या गल्लीत झालंय हे सगळं. अर्ध्या एचपीपासून सुरुवात झाली होती, आता एकाकडे दीडचा आहे.

---

टीसीएल_ताई

वरच्यांना +१ आणि त्यात अजून एक भर. आरोग्य खात्यात गावपातळीवर काम करते म्हणून सांगते. एक दिवसाआड पाणी म्हणजे मधले ४७ तास लाईन रिकामी. पाईपला कुठेही बारीक चीर असेल आणि ती गटाराच्या, गोठ्याच्या ओलीत असेल तर तिथनं घाण आत झिरपतेच. वरून टिल्लूने ओढ दिली की पाईप अक्षरशः चोखतो बाहेरचं. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात जुलाबाचे पेशंट एकाच आळीतले का येतात ते आम्हाला नकाशा न बघता कळतं.

तेव्हा पहिलं दोन-तीन बादल्या पाणी पिण्यात घेऊच नका, झाडांना घाला नाहीतर संडासाला ठेवा. आणि तुमच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते का ते बघा आधी. १००० लिटरला ५ ग्रॅम असा हिशोब, म्हणजे तुमच्या टाकीला १२५ ग्रॅम. कोरडी पावडर वरून भुरभुरून टाकतात बरेच जण, तसं नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. तासाभराने नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात थेंब टाकून क्लोरीन बघायची), पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. शेवटच्या घराच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन तरी मिळायला हवा. शेवटच्या म्हणजे तुमच्या घरी, टाकीजवळच्या नव्हे!! पोतं उघडं पडलेलं असेल तर त्या पावडरीत दम नसतो, नुसता चुना.

---

चाकरमानी_३७

आमची पण वाडी त्याच बाजूला, बहुतेक नदी एकच असेल :) मी डोंबिवलीत असतो. गणपतीत पाच दिवस आणि मेमध्ये पंधरा, एवढाच वापर, तरी वर्षाची वर्गणी इमानदारीत भरतो. आणि आलो की ऐकायचं काय तर चाकरमानी आले नि पाणी संपलं. नळयोजना झाली तेव्हा मुंबई मंडळाने पैसे जमवले होते हे सगळे विसरतात.

---

कळशी_हंडा

चाकरमानीभाऊ, राग मानू नका पण एक विचारते. तुम्ही घर बंद करून जाता तेव्हा परसातल्या नळाची तोटी कोण बघतं? आमच्याकडे मागच्या वर्षी एका बंद घराच्या मागे बारा महिने पाणी वाहत होतं, पाईप उन्हाने तडकलेला. आम्हाला कळलं कधी, तर त्या ठिकाणी एप्रिलमध्ये अळू माजलं तेव्हा. एप्रिलमध्ये!

आणि धागाकर्ते, तुम्ही पाणी कमी आहे म्हणताय, पण मला तुमच्या पोस्टीतलं सगळ्यात मोठं दुखणं वेळेचं वाटलं. पाणी ४० मिनिटंच येऊ दे पण कधी येणार ते ठरलेलं असू दे. मी सासरी आले तेव्हा पाणी कधीही यायचं. म्हणजे घरातली एक बाई कायम घराला बांधलेली. मी शिवणाच्या क्लासला नाव घातलं नि सोडलं, का तर पाणी येईल. माहेरी जायचं तर जावेला विचारायचं, का तर पाणी येईल. चुलीवर भात आणि कान नळाकडे. पिंप भरेपर्यंत हंडा, हंडा भरेपर्यंत कळशी, कळशीनंतर तपेली, पातेली, शेवटी चहाची गाळणी सोडून सगळं भरून ठेवायचं कारण उद्याचा भरवसा नाही. आणि परवा नवीन पाणी आलं की कालचं ओतून द्यायचं, "शिळं" म्हणून. निम्मं पाणी असंच मोरीत जातं, खरं सांगते. ज्या दिवशीपासून आमच्या पाणीवाल्या भावाने ग्रुपवर "सोडलं" एवढा एक शब्द टाकायला सुरुवात केली त्या दिवशीपासून आमच्या घरातली तीन भांडी कमी झाली.

तुमच्या कमिटीत बायका किती आहेत ते पण सांगा.

---

पऱ्ह्यापलीकडे (धागाकर्ता)

@कळशी_हंडा, शून्य. मलाही हे आत्ता टाईप करताना जाणवलं. मीटिंग देवळात संध्याकाळी सातला, त्या वेळी बायका कुठे असतात ते तुम्ही जाणताच.

शिळं पाणी आमच्याकडेही ओततात. मी आईशी यावरून भांडून हरलोय.

---

माजी_सदस्य

दोन टर्म पंचायतीत काढल्यात, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो, शिव्या नंतर घाला. पाणीपुरवठ्याचा खर्च म्हणजे मुख्यतः लाईटबिल, आणि पाणीपट्टी वसूल होते निम्मी. उरलेलं कुठून आणायचं? मग बिल थकतं, कनेक्शन तुटतं, मग मोर्चा. वाडीची कमिटी वेगळी आणि योजना ग्रामपंचायतीची असली की आणखी मजा, मोटर जळली की पंचायत म्हणते वाडीने करा, वाडी म्हणते पंचायतीने करा, मोटर आपली पडून.

पण पैसा अगदीच नसतो असं नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) ग्रामपंचायतीच्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे होते, त्यातले निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. त्यातून काय केलं ते ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जल जीवन मिशन २०१९ ला आलं, माणशी रोज ५५ लिटर हा त्याचा निकष, २०२४ ची मुदत होती ती पुढे २०२८ पर्यंत वाढवली. त्यात गावाच्या पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात असं स्पष्ट आहे, आणि गावातल्या पाच बायकांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं असतं. कागदावर असतंच हे सगळं. तुमच्या पंचायतीच्या समितीत कोणाची नावं आहेत ते रजिस्टरला बघून घ्या, कधी कधी स्वतःच्याच आईचं नाव सापडतं.

---

खारपाण

अकोल्याकडचा आहे. तुमच्या तांब्या बुडवायच्या विहिरीचा हेवा वाटला राव. पूर्णेच्या खोऱ्यात आमचा खारपाणपट्टा, विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी लागते पण खारट. चहा फाटते. डाळ शिजत नाही. प्रादेशिक योजनेचं पाणी दहा-बारा दिवसांनी येते म्हणून प्रत्येक घरात जमिनीतलं टाकं. तेव्हा साठवणीबद्दल आमच्याकडून शिका: एक मोठं टाकं करू नका, दोन करा. एक वापरात असताना दुसरं घासता येते. टाक्याचं तोंड माणूस उतरेल एवढं ठेवा, नाहीतर आत काय साचलं ते कधीच दिसणार नाही. झाकण घट्ट पाहिजे, आणि हवेच्या पाईपच्या तोंडाला बारीक जाळी किंवा फडकं बांधा, नाहीतर डेंग्यू घरीच पाळल्यासारखं होते.

बोअरचं म्हणाल तर ते लॉटरीचं तिकीट आहे.

---

साडेतीन_इंची

आयुष्य पाईपलाईनीत गेलं, आता रिटायर. धागाकर्ते, तुम्ही टाकी, बोअर, टिल्लू सगळं विचारलंत, पण खरी गोष्ट तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहून टाकलीय आणि कोणी पकडली नाही. "पहिली पंधरा मिनिटं नळ नुसता फुसफुसतो."

ती हवा आहे साहेब. तुमची लाईन टाकीतून उतरते, पऱ्ह्यात खाली जाते, आणि पलीकडे चढते ना? मधे कुठे टेपाड असणार. दर वेळी लाईन रिकामी होते नि दर वेळी पाणी सोडलं की पुढे ढकललेली हवा त्या टेपाडावर जाऊन बसते, बाटलीच्या बुचासारखी. पाणी तिच्या खालून चोरट्यासारखं जातं. म्हणून करंगळीएवढी धार. अशा उंचवट्यावर हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व असायलाच पाहिजे, आणि पऱ्ह्याच्या तळाला गाळ काढायला वॉशआउट. हे दोन्ही कुठे आहेत ते शोधा.

त्याआधी एक काम करा, फुकट आहे. एक १५ लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ घ्या, पाणी सुटलं की टाकीजवळच्या घरात एकाने आणि तुमच्याकडे एकाने बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. टाकीत काठी घालून पाणी सोडण्याआधी आणि नंतर किती खाली गेलं ते पण बघा. मग बोला विहिरीला पाणी कमी आहे का.

बोअरबद्दल: सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर-बोअर घेता येत नाही, १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे हे. आणि तुमच्या सड्यावर जांभा, म्हणजे चाळण. पाऊस ढिगाने पडतो आणि ढिगानेच समुद्राला मिळतो.

---

वायंडिंगवाला

मोटर महिन्यात दोनदा जळली वाचून आलो. स्टार्टरचा फोटो टाका. मी पैज लावतो की सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास केलेला असणार. गावाकडे एक फेज गेला की प्रिव्हेंटर मोटर बंद करतो, मग लोक म्हणतात हाच बिघडलाय, काढून टाक. काढला की मोटर दोन फेजवर घूं घूं करत तापते आणि जळते. मग माझ्याकडे येते. मला काय, माझा धंदा आहे, पण त्याच पैशात नवा प्रिव्हेंटर आणि ड्राय रनचं प्रोटेक्शन दोन्ही येतं. आणि उन्हाळ्यात विहीर उतरली की फुटव्हॉल्व (विहिरीतल्या पाईपच्या तळाची झडप) उघडा पडतो का ते बघा, हवा ओढत कोरडी चालली तरी तीच गत.

---

तळघर

हा धागा वाचून घरची आठवण आली, मी इथे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात, खेडेगावच म्हणायचं. लोकांना वाटतं इकडे सगळं आलबेल. आमची ६० घरांची कॉलनी, दोन बोअर, एक टाकी आणि कमिटी. अगदी तुमच्यासारखी, फक्त मीटिंग देवळात नाही तर एकाच्या गॅरेजमध्ये. इथल्या कायद्याने १५ कनेक्शन किंवा २५ माणसं झाली की ती सार्वजनिक पाणी योजना धरतात आणि पाणी ठरावीक वेळाने लॅबला पाठवावंच लागतं, बारमाही वस्तीला तर दरवर्षी रिपोर्ट घराघरात. ते एक बरं आहे. पण पाईप फुटला की दाराला चिठ्ठी, पाणी उकळून प्या. गेल्या हिवाळ्यात तीन वेळा. खळखळून एक मिनिट उकळी आली की पुरे असं इथलं आरोग्य खातं सांगतं, माझी आई फोनवरून वीस मिनिटं सांगते, मी मधला मार्ग म्हणून चहा करतो.

अवांतर: आमचाही "पाणी सोडणारा काका" आहे, ८१ वर्षांचा. कुठला व्हॉल्व कुठे गाडलाय ते फक्त त्याच्या डोक्यात. सगळी कमिटी त्याच्या तब्येतीला जपून असते.

---

पऱ्ह्यापलीकडे (धागाकर्ता)

मंडळी अपडेट. आधी आकडे.

साडेतीन_इंची यांनी सांगितल्याप्रमाणे बादली लावली. टाकीजवळच्या घरात १५ लिटरची बादली ५० सेकंदांत भरली. आमच्याकडे पाणी सुटल्यावर लगेच लावली तर सहा मिनिटं. म्हणजे ४० मिनिटांत त्यांना ७२० लिटर आणि आम्हाला १००, तेही धार आहे तेवढीच टिकली तर. भरलेल्या टाकीचे २५ हजार २३ घरांना सारखे वाटले तर घरटी हजारावर लिटर येतात, एक दिवसाआड जरी धरलं तरी घरात रोज ५०० च्या वर. आमच्या घरात पाच माणसं, ५५ च्या हिशोबाने २७५ लागतात. मी हे कागदावर लिहून तीनदा तपासलं कारण विश्वासच बसेना. पाणी कमी नाहीच आहे. निदान आत्ता तरी, मेचं मे मध्ये बघू.

स्टार्टरचा फोटो @वायंडिंगवाला यांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

दुसरं, काल रविवारी पाणी सोडणाऱ्या काकांना बरोबर घेऊन टाकीपासून लाईन चालत आलो. मी, काका, शेजारचा दहावीतला मुलगा आणि माझी बायको (तिने वही घेतली होती, मी नाही, हे नमूद करतो). काका २० वर्षं पाणी सोडतायत, पण त्यांच्याबरोबर लाईन चालायला आजवर कोणी आलं नव्हतं. आधी थोडे फुगून होते, त्यांना वाटलं चौकशी लावलीय. मग पहिला व्हॉल्व दाखवला आणि जे बोलायला लागले ते थांबेनात. कुठे जीआय (लोखंडी) पाईप आहे, कुठे प्लास्टिक, कुठल्या साली वणव्यात पाईप जळला आणि तिथे कोणाच्या शेतावरचा तुकडा आणून जोडला, कुठे रानडुकरांनी उकरला. एका ठिकाणी दोन पाईप नुसते सायकलच्या ट्यूबने बांधलेत आणि वर शेण लिंपलंय. गेली चार वर्षं टिकलंय म्हणे. मी हात नाही लावला.

पऱ्ह्याच्या तळाशी वॉशआउट होता, रस्ता झाला तेव्हा भरावाखाली गेला. कुठे, तर काकांनी पायाच्या टाचेने जागा दाखवली, "हितं". पहारीने फूटभर उकरलं तर खरंच हितं. गंजून घट्ट, तो काही फिरला नाही.

आणि टेपाडावर एअर व्हॉल्व. साहेब तुम्ही न बघता सांगितलंत, मी तुम्हाला लांबून नमस्कार करतो. तो आहे, एका घराच्या अगदी पडवीला लागून, पण त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकून वरनं सिमेंट मारलेलं. तुळशीवृंदावनाचं जोतं असावं असं मला आजवर वाटायचं. काकांना विचारलं हे कोणी केलं, तर काका आभाळाकडे बघायला लागले. मग ज्यांची पडवी तेच बाहेर आले आणि म्हणाले, "अरे तो शिट्टी मारायचा. पानी सुटला की कुकरासारखा. पोरगा लहान होता तेव्हा, झोपलेला दचकून उठायचा. म्हणून बुजवला."

म्हणजे एका बाळाच्या झोपेपायी नऊ घरांचं पाणी अडलं. वर्षं मोजली नाहीत.

---

कळशी_हंडा

हसू की रडू.

---

साडेतीन_इंची

शिट्टी मारतो म्हणजे व्हॉल्व चांगला होता हो! काम करत होता बिचारा.

तो आता काढूनच टाका, नवीन बसवा, साधा एक इंची चालेल, खाली एक कॉक ठेवा म्हणजे दुरुस्तीला लाईन बंद करावी लागणार नाही. वॉशआउटला रॉकेल, डिझेल काहीतरी पाजून दोन दिवस ठेवा, मग मोठा पाना लावा, जोर लावून दांडा मोडू नका. उघडला की पहिल्यांदा जे निघेल ते बघून दोन दिवस पाणी प्यावंसं वाटणार नाही, त्याची तयारी ठेवा.

आणि कृपा करून ती वही जपा. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल, टाकीपासून किती पावलं, कुठल्या आंब्याच्या डावीकडे, असं लिहा. त्याची झेरॉक्स पंचायतीत, एक शाळेत. तळघर यांनी लिहिलंय ना ८१ वर्षांच्या काकांचं, तीच गोष्ट.

---

चाकरमानी_३७

कळशी_हंडा ताईंच्या पोस्टनंतर भावाला फोन केला. आमच्या परसातला नळ गळत होता. तोटीच नाही तिथे, फडकं बांधलेलं. बाजूच्याने कलमांना पाणी घालायला काढून नेली म्हणे तोटी. नवीन बसवायला सांगितलीय आणि घर बंद असताना दारातला कॉक बंद करायला. माझी एक पोस्ट मागे घेतो.

वर्गणीची मात्र नाही घेत.

---

माजी_सदस्य

नवीन व्हॉल्वचा खर्च वाडीने केला तरी पंचायतीला लेखी कळवा आणि पोच घ्या. उद्या कोणी म्हणेल सरकारी लाईनला हात का लावला. अनुभव आहे.

---

पऱ्ह्यापलीकडे (धागाकर्ता)

उशिरा अपडेट देतोय, माफी. मध्ये लग्नसराई होती.

पत्र दिलं, पोच घेतली. आमच्या नऊ घरांनी मिळून व्हॉल्व आणला, तालुक्याच्या बाजारातून, काकांनीच बसवला. वॉशआउट तिसऱ्या दिवशी सुटला आणि त्यातून जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, एवढंच सांगतो की त्यात एक खेकडा होता, जिवंत. मुलं खूश.

बादली आता आमच्याकडे १ मिनिट ५० सेकंदांत भरते. बाबांनी मुद्दाम उभं राहून स्वतः घड्याळ लावलं आणि दुसऱ्यांदा भरायला लावली, पहिल्यावर विश्वास नव्हता.

मोटरच्या बाबतीत वायंडिंगवाला पैज जिंकले. प्रिव्हेंटर पेटीतच होता, वायरी काढून, वर हळदकुंकू लावलेलं, बहुतेक दसऱ्याचं. आता जोडलाय. तेव्हापासून मोटर चार वेळा आपणहून बंद पडली आणि चारही वेळा काकांना शिव्या पडल्या, पण जळली नाही.

वेळेचं अजून पूर्ण जमलेलं नाही कारण लाईटच्या वेळा आमच्या हातात नाहीत, पण काका आता ग्रुपवर अंगठा टाकतात. टाईप करता येत नाही त्यांना, नुसता अंगठा. अंगठा आला की पाच मिनिटांत पाणी. टीसीएलचं पोतं बदललं, ओटी टेस्ट बायको आणि तिच्याबरोबर दोघी जणी करतात, आमच्या नळाला पिवळट रंग आला त्याचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता, लोकांना वाटलं सरबत. पुढची मीटिंग दुपारी चारला ठेवायची असं ठरलंय, बघू किती जणी येतात.

२००० ची टाकी घेतली नाही, ५०० ची घेतली, आईच्या समाधानासाठी. बोअरवाल्याचे फोन अजून येतायत.

आता नवीन तक्रारी. एक, टाकीजवळची घरं म्हणतात आमचा फोर्स कमी झाला. खरंच झालाय, त्यांची बादली आता सव्वा मिनिटावर गेलीय, त्यावरून देवळात थोडी बाचाबाची झाली. ५० सेकंद हा जणू त्यांचा वंशपरंपरागत हक्क. दोन, नवा व्हॉल्व पण शिट्टी मारतो. पहिली पाच-सात मिनिटं चांगलीच, पऱ्ह्याच्या अलीकडेपर्यंत ऐकू येते. साडेतीन_इंची साहेब, त्याला काही उपाय?

---

साडेतीन_इंची

शिट्टी पूर्ण बंद करायच्या भानगडीत पडू नका, बंद झाली की परत खुंटी ठोकल्यासारखंच. भोवती विटांचं चेंबर बांधा, वर फरशीचं झाकण टाका, फरशीला एक भोक ठेवा हवा जायला. आवाज निम्मा होईल. काकांना सांगा, पाणी एकदम नका सोडू, टाकीचा व्हॉल्व हळूहळू उघडायचा, चार-पाच मिनिटं घेऊन. हवा सावकाश निघाली की शिट्टी पण सावकाश.

पडवीवाले काय म्हणतात पण? परत सिमेंट आणलं नाही ना त्यांनी?

---

पऱ्ह्यापलीकडे (धागाकर्ता)

नाही नाही. लाईन चालताना बरोबर दहावीतला मुलगा होता बघा, तोच तो बाळ. पडवीवाले म्हणाले, वाजू दे आता, सकाळी सहाला सुटलं तर बरंच आहे, अभ्यासाला उठेल तरी.